गिरजाबाईने भरून दिलेली थैली

अमरावतीच्या गिरजाबाई माळणीचे नाव आधी लिहितो, प्रवास मागून. मी मेळघाटच्या जंगलात जाऊन धड परत आलो आणि आमच्या नथ्थूजी गाडीवानाचा उजवा पाय आज जमिनीवर टेकतो, ही दोन्ही तिची कृपा. मी स्वतः जे केले त्यातले निम्मे चुकीचे होते. तेही लपवत नाही, पुढे येईलच.

वाईकडच्या आमच्या मंडळींना वाटते की मी इकडे कापसाच्या राशींवर लोळतो. तसे नाही. तिसरे पुस्तक अर्धे टाकून मी शाळा सोडली, काही दिवस वडिलांच्या हाताखाली टाके घातले, आणि पुढे गावातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर वऱ्हाडात आलो. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत बैलगाडीत इतकी काळी धूळ खाल्ली की उतरलो तेव्हा मलाच मी ओळखू आलो नाही. येथे एका कापसाच्या वखारीत गठ्ठ्यांवर खुणा घालण्याचे काम मिळाले. राहायला जागा मिळाली ती गिरजाबाईच्या मळ्यातल्या खोपटात. ती आणि तिचा नवरा महादूजी वांगी, मेथी आणि झेंडू लावतात. मी तिला मावशी म्हणतो. ती मला बापू म्हणते, आणि रागावली की नुसता 'लेका'.

तिकडे अमेरिकेत लढाई लागली आहे म्हणे, त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना आमच्या इथल्या कापसावाचून गती नाही. भाव असा चढला की लोकांनी शेतातला कापूस तर विकलाच, घरातलाही विकला. गाद्या उसवल्या, उशा उसवल्या, दुलया उसवल्या. दसऱ्यानंतर इकडच्या घरांत पांघरायला दुलईच्या नुसत्या खोळी उरल्या. वखारीतून बाहेर पडताना फाटकाशी उभा असलेला जमादार आमच्या सदऱ्यावरचे तंतूसुद्धा झाडून घेतो. कापसाच्या गावात राहून नाकात घालायला बोळा मिळू नये, अशी ही गंमत.

माघ महिन्यात वखारीच्या शेठजींनी नवा कोठा बांधायला काढला. त्याला सागाचे वासे हवे होते. तीन गाड्या मेळघाटात पाठवायचे ठरले, आणि लाकडांवर खूण घालायला मला जायला सांगितले. मी 'हो' म्हणालो आणि त्या क्षणापासून माझे जेवण उतरेना. जंगल मी ऐकूनच होतो. वाघ, साप, हिवताप, आणि परतवाड्याच्या छावणीपलीकडे वैद्य नाही की दवाखाना नाही.

मग मी औषधांची पेटी भरायला घेतली. जो भेटेल त्याला विचारले आणि जो जे सांगेल ते आणले. सागरगोटे, त्रिफळा, हिंग, बाळहिरडा, कापूर, मोरचूद, गुळवेलीचा तुकडा, तीन जातींचे लेप, विंचवावरची मुळी, आणि सरकारी दवाखान्यातून हातापाया पडून मिळवलेली हिवतापावरच्या कोयनेलची पुडी. कागदावर यादी केली, ती एकतीस ओळींची झाली. पेटी उचलेना म्हणून ओढत अंगणात आणली. गिरजाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने जुडी खाली ठेवली.

"हे काय रे बापू? लग्नाचा बस्ता हाये का?"

"औषधं आहेत, मावशी. जंगलात जायचं ना."

"जंगलात जाऊन राहिला का तथी (तिथे) दुकान मांडून राहिला?" तिने झाकण उघडले. एक पुडी वर धरली. "हे काय?"

"बाळहिरडा."

"बाळहिरडा! तुले बाळ कवा झालं?"

अंगणाच्या कडेला महादूजी कुदळीला दांडा बसवत होता. तो इतका हसला की पाचर त्याच्या हातातून पडली. मी तोंड लपवून उभा. गिरजाबाईने एकेक पुडी हुंगली आणि दोन ढीग केले. न्यायचा ढीग अगदीच लहान. हयद (हळद), तुरटी, तुपाची डबी, ओवा, सुंठ आणि कोयनेल. त्यात तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घातल्या, राखेच्या पाण्यात उकळून उन्हात कडक वाळवलेल्या.

"जखम, ताप अन् पोट," ती म्हणाली. "मानसाले जंगलात एवढंच होते. बाकीचं भेव (भीती) हाये तुयं. थे कोन्या पेटीत मावते?"

मग ती आत गेली आणि एक थैली घेऊन आली. दोन वीत लांब, जुन्या छिटाच्या कापडाची, दुपदरी आणि चांगली जाड. आमच्याकडे गोधडीत धडपे भरतात तसे दोन पदरांच्या मध्ये काही भरले असावे, असे मला वाटले. तिने औषधे तीत रचली, तोंड नाडीने बांधले आणि माझ्या गळ्यात अडकवली.

शिंप्याचा मुलगा मी. माझी नजर पहिल्यांदा टाक्यांवर गेली. कडेने सगळा कच्चा टाका! बोट बोट लांब, सैल, ओढला तर सरळ निघेल असा.

"मावशी, हा टाका टिकायचा नाही. द्या, पक्का घालतो."

"राहू दे तसाच," ती चटकन म्हणाली. मग जवळ सरकून हळूच, "थैली कोरडी ठेवजो. अन् रगत आलं, कमी पडलं, तं उसवजो."

"उसवून काय करू?"

तेवढ्यात महादूजी कुदळ घेऊन आमच्याकडे आला. गिरजाबाईने मोठ्या आवाजात मला कांद्याचे सांगायला सुरुवात केली, की ऊन लागले तर कांदा फोडून हुंगायचा, आणि चार कांदे माझ्या पदरात टाकले. राहिलेला प्रश्न माझ्या तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या. मी नथ्थूजीच्या गाडीत. नथ्थूजी बाळापूरकडचा, पन्नाशीचा, मिशा बैलांच्या शिंगांसारख्या वर वळलेल्या. त्याची आयुष्यभराची कमाई म्हणजे ही गाडी आणि दोन बैल, मोत्या आणि कवड्या. घरी लग्नाच्या दोन मुली. त्याने माझ्या गळ्यातली थैली पाहिली आणि विचारले, "तान्हं पोरगं बांधलं का रे छातीले?"

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशीची शेते, काड्यांवर कुठे कुठे राहिलेली पांढरी बोंडे, आणि त्या बोंडांच्या मागे धावणाऱ्या बाया. पूर्णा नदीच्या काठी दुपारचा मुक्काम पडला. गाडीवानांनी शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजले आणि वांग्याची झणझणीत भाजी केली. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आले. नथ्थूजी म्हणाला, "काहून रडून राहिला? घरची याद आली का?" खरे सांगायचे तर दोन्ही कारणे होती.

जेवण झाले, बैल चारा खात होते, मला काही काम नव्हते. रिकाम्या हातांनी माझे नेहमी वाटोळे होते. वडिलांनी निघताना दिलेली सुई टोपीला खोचलेली होतीच. मी थैली रिकामी करून मांडीवर घेतली आणि गिरजाबाईचा कच्चा टाका तसाच आत ठेवून त्यावरून चारी बाजूंनी बखिया (मागे घेऊन घातलेला पक्का टाका) घातला. दुहेरी दोरा, मेण लावलेला, दर बोटाला दहा टाके. आमच्या वडिलांनी हात फिरवून 'शाबास' म्हटले असते, असे काम झाले. नथ्थूजीला दाखवले. तो म्हणाला, "वाघानं तुले खाल्लं तरी थैली राहीन बरं." मला ती स्तुतीच वाटली.

परतवाडा मागे पडला आणि घाट सुरू झाला. माझ्या मंडळींनो, आपल्या सह्याद्रीसारखे हे डोंगर एकदम अंगावर येत नाहीत. ते हळूहळू उठतात, आणि आपण वर आलो हे कान बंद झाल्यावर कळते. सागाची पाने गळून खाली इतकी पडली होती की चाक त्यांच्यावरून जाताना पापड मोडल्यासारखा आवाज येई. दर आवाजाला मी दचके. एकदा एक मोर झाडीतून फडफडत उठला आणि मी गाडीत आडवा झालो. त्यानंतर दोन दिवस मागचे गाडीवान मला 'मोरबाबू' म्हणत.

सेमाडोहापाशी सिपना नदी ओलांडताना पाणी चाकांच्या आसाला लागले. मी थैली डोक्यावर धरून उभा राहिलो. धोतर भिजले, यादीचा कागद भिजला, मीठ विरघळून गेले. थैली कोरडी राहिली. एवढे एक सांगितल्याप्रमाणे केले.

धारणीच्या अलीकडे कोरकू लोकांच्या एका वस्तीजवळ आमचे लाकूड कापून ठेवलेले होते. वस्तीतला एक म्हातारा आमच्यावर देखरेखीला आला. पांढरे केस, कमरेला विळा, बोलणे अगदी थोडे. त्याच्या घरून कुटकीची (बारीक तांदळासारख्या धान्याची) पेज आली, मोहाच्या पानांच्या द्रोणातून. गरम, किंचित धुरकट. इतकी छान पेज मी आजवर खाल्ली नाही. लागोपाठ तीन द्रोण रिचवले, तेव्हा म्हातारा पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे दोन गाडीवान बैल घेऊन ओढ्यापलीकडचे वासे ओढून आणायला गेले. नथ्थूजी इकडे एका वाशाच्या फांद्या साफ करत होता, मी खुणा घालत होतो. कुऱ्हाड एका गाठीवर आदळली आणि सटकली. आवाज काही मोठा झाला नाही. नथ्थूजी नुसता "अरे बाप्पा" म्हणाला आणि खाली बसला. मी पाहिले तर उजव्या पायाची पोटरी चार बोटे उघडी पडली होती आणि रक्त उकळी फुटल्यासारखे येत होते.

म्हाताऱ्याने माझ्या खांद्याला धरून मला खाली बसवले. "बैठो बाबू. खून मत देखो, पैर पकड़ो. ऊपर रखो." त्याने पाय उचलून वाशावर टेकवला. मी थैलीची नाडी सोडली, हळद ओतली, तुरटी दाबली, लुगड्याची पट्टी गुंडाळली. पट्टी गुंडाळता गुंडाळता लाल. दुसरी, तीही लाल. चिंधी वरच्यावर बसत होती, जखमेच्या खाचेत जात नव्हती.

नथ्थूजीच्या मिशा आता खाली आल्या होत्या. तो म्हणाला, "कापूस दाब, बापू. आत कापूस दाब."

कापूस! महिन्याला शेकडो गठ्ठ्यांवर खुणा घालणारा मी. एकतीस ओळींची यादी केली, आणि तीत कापूस लिहिला नव्हता. कापसाच्या मुलखात तो कोण लिहितो? तीन गाड्या धुंडाळल्या असत्या तरी कापसाचा तंतू मिळाला नसता, फाटकावरच्या जमादाराने आम्हांला झाडूनच बाहेर सोडले होते. म्हाताऱ्याच्या वस्तीत कापूस पिकत नाही. मी काही सुचेना म्हणून रिकामी थैलीच जखमेवर दाबून धरली.

आणि ती हाताखाली दबली. धडपे असे दबत नाहीत. ती दुलईसारखी दबली.

'कमी पडलं, तं उसवजो.' आत्ता कळले. महादूजीने घरातला सगळा कापूस काढून विकला होता, आणि त्याच्यासमोर तिला हे बोलता येत नव्हते.

मी कड धरून ओढली. कच्चा टाका असता तर एका हिसक्यात दोन पदर वेगळे झाले असते. पण वर माझा बखिया होता, मेणाचा, दुहेरी, बोटाला दहा. बोटे रक्ताने निसरडी. दोरा हलेना. नखे मोडली. नथ्थूजीचा चेहरा मातीसारखा झाला होता, तरी तोंड चालूच.

"कोनाच्या बापानं शिकवलं रे तुले असं शिवाले?"

"माझ्याच," मी रडत म्हणालो.

शेवटी दातांनी एक टाका तोडला, मग म्हाताऱ्याने विळ्याचे टोक त्यात घातले आणि आम्ही दोघांनी मिळून कड फाडली. आतून कापूस आला. पांढरा, हाताने पिंजलेला, मधूनच सरकीचा एखादा कण असलेला, कडुलिंबाच्या पानांचा वास येणारा. मी तो मुठी मुठीने खाचेत दाबला, वरून पट्टी आवळली आणि तळव्याने दाबून बसलो. म्हातारा म्हणाला, "छोड़ना मत." मी सोडले नाही. ओढ्यापलीकडून बाकीचे परत आले तोवर माझा हात बधिर झाला होता आणि पट्टीवरचा लाल डाग वाढायचा थांबला होता.

बाकीच्यांनी वासे भरायला थांबायचे आणि नथ्थूजीला मी रिकाम्या गाडीतून छावणीला न्यायचे, असे ठरले. मी जन्मात बैल हाकलेले नाहीत. "चला, चला" म्हणालो तर मोत्या मागे वळून माझ्याकडे पाहत राहिला. पेंढ्यावर आडवा पडलेला नथ्थूजी कण्हत म्हणाला, "चला काय म्हनून राहिला? पाहुने हायेत का थे? शेपटी मुरड अन् तोंडानं टिचकारा मार." मला टिचकारा येईना. मग त्याने पडल्या पडल्या टिचकारे मारायचे आणि मी कासरा धरायचा, अशी ती गाडी दोन दिवस चालली. सिपनेच्या पाण्यात बैल मधोमध थांबून निवांत पाणी प्यायले. मी देवाचे नाव घेत होतो, नथ्थूजी बैलांना शिव्या देत होता. शिव्या ऐकून मला बरे वाटले. शिव्या देणारा माणूस मरणार नाही, असे मी मनाशी धरले.

परतवाड्याच्या दवाखान्यात एक वयस्क कंपाउंडर होता. त्याने पट्टी सोडली, कापूस भिजवून हळूहळू काढला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"बांधलं कोणी?"

"मी."

"शिंपी काय?"

"कशावरून?"

"गाठीवरून. सोडताना जीव गेला माझा." मग म्हणाला, "पण कापूस आत भरला ते बरं केलं. नाहीतर हा माणूस इथवर येता ना."

त्याने जखम धुऊन टाके घातले. मी मान वळवली होती, पण टाका म्हटले की राहवत नाही, मी पाहिलेच. लांब लांब आणि सैल टाके. न राहवून मी म्हणालो, "कच्चे आहेत."

"कच्चेच पाहिजेत," तो म्हणाला. "आठ-दहा दिवसांनी काढायचे ना? जे काढायचं असतं ते पक्कं शिवून कसं चालेल?"

हे मला एका माळणीने आधीच सांगितले होते, मी ऐकले नव्हते.

नथ्थूजीचे टाके निघाल्यावर अमरावतीला परतलो तेव्हा गिरजाबाई वांगी तोडत होती. मी फाटलेली, धुतलेली थैली तिच्यासमोर धरली. तिने ती उलटसुलट केली. नंतर माझ्याकडे आपादमस्तक पाहिले.

"तुले लागलं का?"

"नाही. नथ्थूजींना. पाय वाचला. आता काठी टेकून चालतात अन् मला मोरबाबू म्हणतात."

तिने डोळ्यांना पदर लावला. मग कडेवरून बोट फिरवले आणि तिच्या हाताला माझा बखिया लागला. "हे कोनं शिवलं?"

मी मान खाली घातली. ती इतकी हसली की वांग्यांची पाटी कलंडली. "लेका, चोराले कुलूप घालतात. दवाईले घालतात का?"

महादूजी जवळ आला, थैलीचे छिटाचे कापड त्याने ओळखले. ती गिरजाबाईची माहेरची दुलई, पहिल्या बाळंतपणात आलेली. दसऱ्याला विकायला ती उसवली तेव्हा वजनात कापसाचा एक वाटा कमी भरला होता. तो तिने कडुलिंबाच्या पानांत गुंडाळून उशाला ठेवला होता. घरातला तेवढाच कापूस, आणि तो माझ्या गळ्यात अडकवून ती माघाच्या थंडीत पोत्यावर डोके ठेवून निजली होती. महादूजी म्हणाला, "अन् मी चार महिने उंदरायले शिव्या देऊन राहिलो." त्याने आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून तिच्या अंगावर टाकली आणि कुदळ घेऊन निघून गेला.

येथे जंगलात जाणाऱ्या कोणाला माझा उपयोग झाला तर व्हावा म्हणून सांगतो. यादी लहान करा, थैली कोरडी ठेवा, कापूस घ्या, आणि भरून देणाऱ्याच्या हाताला शहाणपण शिकवू नका. तुरटी मात्र मी जास्तच घ्या म्हणेन. भीती गेली आहे असे मी म्हणत नाही. कालच मोर ओरडला आणि माझ्या हातातला खुणेचा कुंचला खाली पडला.

गिरजाबाईला द्यायला माझ्याजवळ आज काही नाही, वखारीतून तर तंतूही बाहेर येत नाही. पण इकडे रीत अशी की वेचणीला गेलेल्या बायांना वेचलेल्या कापसातलाच वाटा मिळतो. पुढच्या दिवाळीपासून दर सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या ओळीत उभा राहणार आहे. बाया हसतील, नथ्थूजी तर गाडी थांबवून हसेल. हसोत. वाटा वाटा साठवीन, सरकी काढीन, पिंजून घेईन, आणि मावशीला एक नवी दुलई शिवून देईन, वडिलांनी शिकवलेल्या हाताने, मेणाच्या दोऱ्याने, बोटाला दहा टाके घालून. फक्त उशाकडचा एक कोपरा कच्चा ठेवीन. पुन्हा कोणी जंगलात निघाले, तर तिला तो एका हिसक्यात उसवता आला पाहिजे.